मॉरीनचा कोट आणि आईच्या पाटल्या

मी, रत्ना वसंत बर्वे, माहेरची केळवकर, वय वर्षे सत्तर, राहणार डब्लिन, ओहायो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चहा पिऊन झाल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. मुलीला ते पटलेलं नाही, त्याला माझा इलाज नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणण्याइतका वेळ माझ्यासाठी कोणाकडे नाही. यापूर्वी लिहिलेली आणि रागाच्या भरात फोनवर जाहीर केलेली माझी सगळी मृत्युपत्रं आजपासून रद्द समजावीत.

याची इंग्रजी प्रत माझे वकील नकुल करतील. नकुल इथेच मागच्या रस्त्यावर राहतो, मला रत्नाकाकू म्हणतो, आणि मी एका वाक्याच्या जागी चार लिहिली की मान हलवतो. इंग्रजी प्रत कोर्टाला द्यावी. मला काय म्हणायचं होतं हे कळून घ्यायचं असेल त्याने ही वाचावी.

कलम १. डब्लिनचं राहतं घर, गाडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी अनिका हिचं. ती पिस्कॅटवेला असते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि निम्मा वेळ तिचा चेहरा स्क्रीनच्या बाहेर असतो, तरी करते. घर ठेवावं की विकावं हे तिनं ठरवावं. अट एकच. विकण्याआधी पुढच्या दाराची पायरी तिनं स्वतः गुडघे टेकून घासावी. "आई, देअर आर पीपल फॉर दॅट," असं ती म्हणणार. माणूस लावू नये. का, ते पुढे येईल.

कलम २. माझ्यामागे इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेऊ नये. वसंत गेला तेव्हा घेतली होती. माईक चालेना म्हणून पाऊण तास हॅलो हॅलो झालं आणि मग तिघांनी त्याचं नाव विश्वास सांगितलं.

कलम ३. मोदकपात्र, पुरणयंत्र आणि पितळी डबे अनिकाला नको असतील तर कोणालाही द्यावेत. मंडळातल्या पद्मिनीला देऊ नयेत. गणपतीत माझे मोदक तिनं स्वतःचे म्हणून वाढले, आणि मी समोर उभी असताना वाढले.

कलम ४. माझा थोरला भाऊ अरुण गजानन केळवकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार शुगर लँड, टेक्सस, याला मी काहीही ठेवत नाही.

इथे शेजारी इंग्रजी प्रत करत बसलेल्या नकुलने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "रत्नाकाकू, सख्ख्या भावाला नाव घेऊन वगळताय, तर कारण टाका. नाहीतर उद्या कोणी म्हणेल काकू विसरल्या." मी म्हटलं, विसरले? मी काही विसरत नाही हीच तर माझी तक्रार आहे. पण कारण हवं ना, घ्या.

पहिलं कारण: थॉर्नशॉ.

थॉर्नशॉ हे विलायतेतलं, लँकशरमधलं कापडगिरण्यांचं गाव. बाबा इचलकरंजीला मागावर मास्तर होते. एकोणीसशे साठ साली तिथल्या गिरणीने त्यांना बोलावून घेतलं, आणि आम्ही चौघं आल्मा स्ट्रीटवर सतरा नंबरला राहायला गेलो. मी पाच वर्षांची, दादा आठचा. घरांची एक सलग रांग, प्रत्येक दाराला एक दगडी पायरी. संडास मागच्या अंगणात, त्यात खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे अडकवलेले. थंडीत शाळेतल्या दुधाच्या बाटल्या गोठायच्या आणि बाई त्या हीटरवर ठेवायच्या, मग ते कोमट दूध नाक धरून प्यायचं. भिंतींना इतकी ओल होती की आईचे पापड कधी वाळलेच नाहीत.

मी त्या गावात चौदा वर्षं काढली. दादाने तीन. आणि आज त्या गावाच्या आठवणी कोण लिहितं? दादा!

तिथे एक स्थानिक इतिहास मंडळ आहे. सगळे निवृत्त लोक. त्यांनी वेबसाइट काढली, जुने फोटो टाकले, बालपणीच्या आठवणी मागवल्या. मी दोन पानं पाठवली. ओल लिहिली, संडास लिहिला, शाळेच्या वाटेवर पोरं आम्हाला काय म्हणून हाका मारायची तेही लिहिलं. त्यांचं गोड उत्तर आलं: आभारी आहोत, सूर जरा कडवट वाटतो, त्याऐवजी तुमच्या आईच्या मसाल्यांच्या वासाबद्दल काही लिहाल का? मी उत्तर दिलं नाही. सहा महिन्यांनी बघते तर दादाच्या आठवणी झळकलेल्या, फोटोसकट. आणि मागच्या वर्षी त्यांनी पुस्तक छापलं, त्यात दादाची सहा पानं. आल्मा स्ट्रीट कशी प्रेमळ, कोळसेवाला कसा गाणी म्हणायचा, शेजारणीने पहिल्या बर्फात त्याला कसे हातमोजे दिले. वेबसाइटवरही तीच पानं आहेत, त्यांच्याखाली पन्नास जणांनी बदाम टाकले आहेत.

त्याच सहा पानांत मॉरीनच्या कोटाची गोष्ट आहे. दुसरं कारण तेच. ती नीट सांगितल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत, तेव्हा नकुलने मान हलवू नये.

आमच्या शेजारी पंधरा नंबरला मिसेस एंट्विसल राहायच्या. गिरणीत विणकर. मागांचा आवाज असा असायचा की त्या बायका ओठ मोठे मोठे हलवून, आवाज न करता बोलायच्या, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटायची नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण हे ओठांचं बोलणं तिला दोन महिन्यांत यायला लागलं. तोंडं हलवत, हातवारे करत त्या दोघी अंगणाच्या भिंतीवरून तासतास बोलायच्या. त्या देशात आईला तेवढी एकच मैत्रीण होती.

दर शुक्रवारी बायका पायऱ्या घासायच्या. त्याचा एक खास पांढरट दगड मिळायचा, साबणाच्या वडीएवढा. तो दगड विकत घ्यायचा नाही. जुने कपडे नेणारा घोडागाडीवाला यायचा, त्याला चिंध्या दिल्या की तो दगड द्यायचा. आईला हे बघून काय आनंद झाला! "अगं, ही तर आपली बोहारीणच, फक्त मिशा आहेत!" असं ती म्हणाली आणि त्याच्याशी बोहारणीसारखीच घासाघीस करायला लागली. पायरी घासून झाली की त्याच दगडाने ती कोपऱ्यात गोपद्मं काढायची. शेजारणी बघायला यायच्या. मिसेस एंट्विसलनी आपल्याही पायरीवर काढून घेतली होती.

गाडीवाल्याचा पोरांसाठी वेगळा हिशेब होता. सुती कपड्यांना फुगा. लोकरीच्या कपड्याला काचेच्या बरणीत सोनेरी मासा.

जूनमध्ये चर्चच्या रविवारच्या शाळेची मिरवणूक निघायची. सगळ्या मुलींना नवे कपडे, आणि निवडक मुलींना निशाणाच्या रिबिनी धरायला मिळायच्या. त्रेसष्ट साली मॉरीन एंट्विसलला रिबीन मिळाली. तिच्या आईनं वर्षभर पैसे साठवून क्रीम रंगाचं लोकरी कापड घेतलं, कोट शिवला, आणि कॉलरवर वेलबुट्टी काढायला आईकडे दिला. आईने आठ दिवस त्यावर डोळे फोडले. झाल्यावर, आपल्याकडे शालू ठेवतात तसा, तो कोट तिनं जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून गाठ मारून ठेवला. आणि बोहारणीच्या चिंध्यांचं बोचकंही आमच्याकडे जुन्या लुगड्यातच असायचं. दोन्ही कपाटाशेजारी.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कोट गेला. गाडीवाला दुसऱ्या गावाला निघून गेला होता, तो महिन्याने येणार. मॉरीन जुन्या निळ्या कोटात चालली आणि तिची रिबीन दुसऱ्या मुलीला दिली.

दादाने त्या पानांत लिहिलं आहे: तो कोट मी दिला. मी आल्मा स्ट्रीटवरचा सगळ्यात वांड मुलगा होतो. आईचं बोचकं पळवलं, मासा मिळवला, मासा तीन आठवडे जगला. माझ्या बहिणीला तो फार आवडायचा.

सगळे हसले आहेत. मॉरीन अजून त्याच गावात आहे. तिनंही वेबसाइटवर खाली लिहिलंय, अरुण, तुला केव्हाच माफ केलं.

मासा नऊ दिवस जगला. त्याच्या डाव्या कल्ल्यावर पांढरा ठिपका होता.

कलम ५. थॉर्नशॉच्या इतिहास मंडळाला मी काही ठेवत नाही, मसाल्यांचा वाससुद्धा नाही. मात्र कलम ७ मधला मजकूर इंग्रजी करून त्यांना पाठवावा आणि दादाच्या सहा पानांखाली माझ्या नावानिशी छापायला सांगावा. सूर कडवट आहे म्हणाले तर नकुलने वकिलाच्या कागदावर पत्र लिहावं.

कलम ६. बेसिनखालच्या बिस्किटांच्या डब्यात पायरी घासायच्या दगडाचा शेवटचा तुकडा आहे. तो अनिकाचा. पायरी त्यानेच घासावी. आईने आमची तिथली पायरी त्या जूननंतर कधी घासली नाही. आल्मा स्ट्रीटवर काळी पायरी म्हणजे घरच्या बाईची लाज गेली, असा अर्थ होता. आमची अकरा वर्षं काळी राहिली.

कलम ७. काल इथवर लिहून मी उठले. आज सकाळपासून तीनदा चहा केला. नकुल म्हणतो, मृत्युपत्रातलं विधान शपथेवरच्या विधानासारखं समजतात. तर शपथेवर.

कोट मी दिला. मी आठ वर्षांची होते. बोचकी शेजारी शेजारी होती, चुकीचं उचललं.

नाही. असं मी स्वतःला बासष्ट वर्षं सांगत आले. बोचकं वजनाला जड लागलं म्हणून गल्लीच्या तोंडाशी मी गाठ सोडून पाहिलं होतं. क्रीम रंग दिसला. आईची वेलबुट्टी दिसली. माझ्या वाढदिवसाच्या फ्रॉकवर आईने एवढं काम कधी केलं नव्हतं. मला मिरवणुकीत घेत नव्हते, कारण आम्ही चर्चचे नव्हतो, आणि मॉरीन आठवडाभर माझ्यासमोर रिबीन धरून चालायचा सराव करत होती. मी गाठ परत मारली आणि बोचकं गाडीवाल्याच्या हातात दिलं. मला माहीत होतं. मला मासाही हवा होता आणि मॉरीनला कोट मिळायला नको होता.

बरणी मी कोळशाच्या खोलीत लपवली. रात्री शोधाशोध सुरू झाली तेव्हा दादाला ती सापडली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. तो बरणी उचलून स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "मासा माझा आहे. कोट मी दिला."

बाबांनी तोपर्यंत आमच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी पट्टा काढला. मी जिन्यात बसून ऐकत होते. मी खाली गेले नाही.

मिसेस एंट्विसलना वाटलं, कोट आईनेच विकला आणि पोराला पुढे केलं. त्या आईशी भांडल्या नाहीत. नुसत्या भिंतीपलीकडे उभ्या राहून समोरच्या बाईशी ओठ हलवून बोलायला लागल्या, आई पाहत असताना. त्यांना वाटलं असेल तिला कळत नाही. ते बोलणं तिला त्यांनीच शिकवलं होतं. आई घरात आली, खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "चोर म्हणाल्या गं मला." मी तेव्हाही काही बोलले नाही.

सप्टेंबरात बाबांनी दादाला बोटीवर बसवून इचलकरंजीला काकांकडे धाडलं. पोर हाताबाहेर गेलं म्हणे. अकरा वर्षांचा होता. पुढची सात वर्षं त्याने आईला पाहिलं नाही.

आणि मग घरात एक थट्टा रुळली. अरुणच्या हातात काही देऊ नका, मासा घेऊन येईल. आईने ती बाबांना लिहायला लावली, बाबांनी काकांना लिहिली, दादाच्या लग्नात भटजींनी त्याच्या हातात नारळ दिला तेव्हाही कोणीतरी म्हणालं. मांडव हसला. मीही हसले. मी जरा जास्तच हसले.

आई दोन हजार एकमध्ये याच घरात गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. एक दादाची, एक माझी असं तिच्या सासूने सांगून ठेवलेलं होतं. आई म्हणाली, "दोन्ही तूच ठेव. त्याच्याकडे गेली तर…" आणि थांबली, दम लागला होता तिला. वाक्य मी पुरं केलं. मी म्हणाले, "मासा होईल." आई हसली. ते तिचं शेवटचं हसणं.

पुस्तक आलं तेव्हा मी दादाला फोन केला होता. विचारलं, हे का छापलंस? तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं मीच सांभाळलंय ते, आता ते माझंच झालं. तू का चिडतेस?" मी फोन आपटला आणि कलम चार लिहायचं तेव्हाच ठरवलं. माझा राग हा की, या माणसाने मार खाल्ला, गाव सोडलं, आईची माया गमावली, आणि तरी त्याला ते गाव गोड आठवतं. मी सगळं राखलं आणि मला एक दिवस गोड आठवत नाही. मी केलं ते पाप तेवढं एक तरी माझं होतं. तेही त्याने हसत हसत नेलं, असं वाटून मी चवताळले. असं कोणी चवताळतं का? मी चवताळले.

कलम ८. कलम ४ रद्द. आईच्या दोन्ही पाटल्या माझ्या मृत्यूनंतर दादाला द्याव्यात, सोबत कलम ७ ची प्रत.

नकुलने हे वाचलं आणि या वेळी मान हलवली नाही. मग म्हणाला, "काकू, एक विचारू? अरुणकाका तुमच्या आधी गेले तर हे त्यांच्या हाती पोचणारच नाही. ते डायलिसिसवर आहेत ना?"

आठवड्यातून तीनदा. चैत्राली, त्याची मुलगी, त्याला नेते. मला हे ठाऊक होतं. नकुलला सांगितलं, आता इथे सही करत नाही.

कलम ९. हे शुगर लँडमध्ये, दादाच्या डायनिंग टेबलवर लिहीत आहे. बाहेर भट्टीसारखं ऊन आहे. मी विमानात पाटल्या हातातच घालून आले.

दादाला पहिल्यापासून वाचून दाखवलं. मोदकांपाशी तो हसला. कोळशाच्या खोलीपर्यंत जायच्या आधीच, मी गाठ सोडून पाहिली तिथे, त्याने हात वर केला.

"थांब. तू बघितलं होतंस?"

"हो."

"मला वाटलं होतं तुला कळलंच नाही. लहान आहे, चुकून दिलंय, घाबरलीय. म्हणून तर…"

मी उरलेलं वाचलं. "मासा होईल" हेही वाचलं, गाळावंसं वाटलं तरी. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "आई होती तोवर सांगायचंस गं."

मी म्हटलं, हो.

"मला आत्ता सांगून काय करू मी याचं?"

मी कागदांची घडी घातली. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "मेल्यावर कशाला? आत्ताच दे." मी पाटल्या काढून दिल्या. त्याच्या त्या हातावर सगळीकडे सुयांचे डाग आहेत. त्याने त्या टेबलावर एकीशेजारी एक ठेवल्या आणि मासा हा शब्द काढला नाही. मीही नाही.

म्हणून कलम ८ मध्ये आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. कलम ५ कायम. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "छाप. माझी सहा पानं काढून टाका म्हणावं त्यांना."

नकुलला फोन केला. तो म्हणाला, काकांना आता मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा ते साक्षीदार म्हणून सही करू शकतील. मी कागद दादापुढे सरकवला. त्याने तो माझ्याकडे परत सरकवला.

"तुझ्यासाठी एकदा साक्ष दिली मी," तो म्हणाला. "पुरे."

वरील मजकूर मी स्वखुशीने लिहिला व खालील दोघांसमोर सही केली. त्यांनी मजकूर वाचलेला नाही.

सही: रत्ना वसंत बर्वे

साक्षीदार पहिला: सुशांत, दादाचे डावीकडचे शेजारी.
साक्षीदार दुसरा: प्रथमेश, उजवीकडचे शेजारी, हाक मारून बोलावले.

स्थळ: ~~डब्लिन, ओहायो~~ शुगर लँड, टेक्सस
दिनांक: १८ जुलै २०२५